तळटीप : ‘विश्वविनायक’

१२. विश्वविनायक : अजय-अतुल या गोगावले बंधूंचा २००१चा गणेशभक्तीचा अल्बम. एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि शंकर महादेवन यांनी त्यात गायले आहे. गणपतीची गाणी म्हणजे टाळ-ढोलकी, या सवयीला फाटा देऊन येथे संस्कृत स्तोत्रांमागे व्हायोलिनांचा ताफा आणि भरदार समूहस्वर उभे राहतात. मोरया गोसावींच्या चिंचवडात, पवनाकाठच्या समाधीमंदिराशी ज्यांचे बालपण जोडलेले, अशा कानांनाही हा थाट नवाच. मात्र ‘अगं बाई अरेच्चा!’ (२००४) आला आणि दोघे चित्रपटांचे झाले. पुढे ‘जोगवा’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तरी त्यांच्या वाद्यवृंदाच्या ओढीचा माग काढायचा तर या अल्बमपाशीच यावे लागते. ‘सैराट’साठी (२०१६) लॉस एंजलिसमध्ये ध्वनिमुद्रित केलेला सिंफनी वाद्यवृंद ही त्याच ओढीची पुढची मजल.