परळांतील गांवची खोली

गिरणीच्या भोंग्यावर ज्याचें घड्याळ चालत असे, त्या परळाचा इतिहास बहुधा गिरण्यांच्या, मालकांच्या आणि संपांच्या नांवांनीं लिहिला जातो. त्या इतिहासाच्या एका कोपऱ्यांत एक लहानशी खोली आहे. तिला कोणी थोर संस्थापक नाहीं, कीं दारावर संगमरवरी पाटी नाहीं. तरीही कोंकणांतील किंवा घांटावरील एखाद्या खेड्याच्या दोन-तीन पिढ्या तिच्यांतून गेल्या. लोक तिला साधेपणानें ‘गांवची खोली’ म्हणत. जे तींतून निघून गेले त्यांनींच ती जगविली, हा तिचा विशेष होय.

१८५६ सालीं ताडदेवास मुंबईंतील पहिली यशस्वी कापडगिरणी सुरू झाली, आणि पुढील अर्धशतकांत गिरण्यांची रांग चिंचपोकळी, लालबाग, परळ या बाजूस पसरत गेली. गव्हर्नरांच्या वाड्यासाठीं ओळखलें जाणारें परळ धुराड्यांचें झालें. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून माणसें आलीं तीं बहुधा एकटीं आलीं. बायकामुलें गांवीं शेतीवर राहिलीं. १९२१ च्या शिरगणतींत मुंबईंतील शंभर पुरुषांमागें स्त्रियांची संख्या पन्नासाहून फारशी अधिक नव्हती. एकट्या गड्याला खोलीचें भाडें झेपणारें नव्हतें. म्हणून एका गांवच्या गड्यांनीं मिळून एक खोली घ्यावी, अशी रीत पडली. १९२० सालीं स्थापन झालेल्या सरकारी विकास खात्यानें, म्हणजे बी. डी. डी. नें, वरळी, नायगांव, शिवडी आणि डिलाईल रोड येथें मिळून २०७ चाळी बांधल्या. प्रत्येक चाळींत ८० खोल्या, आणि खोलीचें क्षेत्र १६० चौरस फूट. या चाळींतूनही गांवच्या खोल्या थाटल्या गेल्या.

एवढ्या जागेंत वीस-पंचवीस माणसें कशीं मावत, याचें उत्तर गिरणीच्या पाळ्यांत होतें. दिवसपाळीचे गडी बाहेर पडत तेव्हां रात्रपाळीचे परतत. एकाची वळकटी उचलली जाई आणि त्याच जागीं दुसऱ्याची पसरे. प्रत्येकाच्या मालकीची अशी एक पेटी आणि भिंतींतली एक खुंटी. उन्हाळ्यांत निम्मे लोक गॅलरींत झोंपत. जेवण खाणावळींत, आणि ती चालविणारी बहुधा गिरणीकामगाराचीच बायको किंवा विधवा असे. भिंतीवर ग्रामदेवतेची तसबीर आणि तिच्याखालीं एक वही. पगारानंतरच्या रविवारीं बैठक भरे, खजिनदार वही उघडी, आणि भाडें, दिवाबत्ती व मंडळाची वर्गणी यांचा हिशेब सर्वांसमक्ष वाचला जाई.

गांवाहून पोरसवदा गडी येई तेव्हां या व्यवस्थेचें मर्म दिसे. त्याच्यापाशीं ना पैसा, ना ओळख. काम लागेपर्यंत त्याच्याकडून भाडें घ्यावयाचें नाहीं. खाणावळींत त्याच्या जेवणाला कोणीतरी जामीन राहावयाचें. आणि जॉबरकडे त्याचें नांव गांवच्याच जुन्या कामगारानें घालावयाचें. प्रथम बदलीचें काम मिळे, मग कायम. त्यानें ज्याचें खाल्लें त्याला तें परत करावें, अशी अपेक्षा मात्र नसे. पुढच्या वर्षीं येणाऱ्या पोराला त्यानें तसेंच सांभाळावें, एवढीच अट. हें ऋण मागें न फिटतां पुढें फिटे.

म्हणूनच खोली सोडली तरी सभासदत्व सुटत नसे. कोणाला कुटुंब आणतां येई आणि तो स्वतंत्र बिऱ्हाड करी. कोणी पुढें उपनगरांत जाई. कोणी नोकरी संपवून गांवीं परते. परंतु वहींतलें नांव तसेंच राही आणि वर्गणी चालू राही. त्या वर्गणीच्या बळावर बेकार पोराचा महिना निघे. देणारा दूर गेला होता. पण आपण पहिल्या रात्रीं कोणत्या खुंटीखालीं निजलों, हें तो विसरला नव्हता.

या मंडळांचा हात गांवापर्यंत पोंचे. शाळेची इमारत, देवळाचा जीर्णोद्धार, विहीर, ओढ्यावरचा साकव, यांसाठीं मुंबईकर मंडळी पैसा जमवीत, आणि त्याचा एक मार्ग परळांतच होता. नारायण मल्हार जोशी यांनीं १९११ सालीं स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगचें दामोदर सभागृह १९२२ सालीं उभें राहिलें. तेथें गांवोगांवच्या मंडळांनीं नाटकें केलीं, शक्ती-तुऱ्याचे सामने लावले, नमनें सादर केलीं. पाळी संपवून आलेला साचेवाला तोंडाला रंग लावून राजा होई. प्रेक्षकांत त्याच खोलीचे आजी-माजी रहिवासी बसत. तिकिटांचा पैसा गांवीं जाई. कामगार रंगभूमीचा पुष्कळसा इतिहास अशा प्रयोगांतून घडला. तें जुनें नाट्यगृह पुनर्बांधणीसाठीं २०२३ सालीं बंद झालें.

परळाला आणखी एक ओळख लाभली ती रुग्णालयांची. १९२६ सालीं के. ई. एम. आणि १९४१ सालीं टाटा स्मारक रुग्णालय येथें सुरू झालें. दुखणें बळावलें म्हणजे गांवाहून रोग्याला परळास आणीत; आणि त्याचा सोबती गांवच्या खोलींत उतरे. गांवीं परतलेल्या म्हाताऱ्यानें ज्या खोलीची वर्गणी वर्षानुवर्षें भरली, तिथेंच कधींतरी त्याच्या मुलाला रात्रीचा आसरा मिळे.

संपाच्या काळांत या बंधुत्वाची कसोटी लागली. १९२८ चा सार्वत्रिक संप सुमारें सहा महिने चालला. तेव्हां शेंकडों गडी गांवीं परतले आणि शेतीच्या आधारानें तग धरून राहिले. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लक्ष कामगार उतरले, आणि त्यांतील बहुतेकांना गिरणीचा दरवाजा पुन्हां पूर्वीसारखा उघडला नाहीं. पूर्वींच्या संपांत खोलीनें गांवाची वाट पाहिली होती. या वेळीं गिरणीच गेली, आणि कामावर घेणारा जॉबरही गेला. ज्या खोल्या टिकल्या त्या गोदींत, बँकेंत, पोलिसांत वा महापालिकेंत लागलेल्या जुन्या रहिवाशांच्या वर्गणीवर टिकल्या.

या व्यवस्थेचे दोषही झांकून ठेवण्याजोगे नाहींत. गांवांतली जातीची रेघ खोलींतही आली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांच्या खोल्या निराळ्या राहिल्या. गिरणीच्या विणकाम खात्यांतही त्यांस दीर्घकाळ मज्जाव होता. शिवाय हें बंधुत्व केवळ पुरुषांचें. ज्या स्त्रियांनीं गांवीं शेत राखलें आणि मुंबईंत खाणावळी चालविल्या, त्यांचें नांव वहींत नव्हतें. खाणावळवाल्या स्त्रियांना आपली संघटना मिळाली ती १९७५ सालीं, प्रेमा पुरव यांच्या अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपानें.

अशा संस्था इतरत्रही आढळतात. धोबीतलाव व माझगांव या भागांत गोमंतकीयांचे ‘कूड’ म्हणजे गांवोगांवचे क्लब निघाले. दोन सफरींच्या मधल्या काळांत तारवटी तेथें उतरे आणि संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेस बसे. अमेरिकेंत ग्रीक अक्षरांचीं नांवें धारण करणारीं विद्यार्थ्यांचीं बंधुमंडळें आहेत. त्यांतील पहिलें १७७६ सालीं व्हर्जिनियांत निघालें. विद्यार्थी चार वर्षांत पांगतात. घराची डागडुजी आणि शिष्यवृत्त्या यांना माजी सभासदांच्या देणग्यांचा आधार असतो. परळची रीत तत्त्वतः तीच. फरक इतकाच कीं, परळचा गडी श्रीमंत होण्याची वाट न पाहतां तुटपुंज्या पगारांतूनच देऊं लागे.

आतां या खोल्यांपुढें निराळाच प्रश्न उभा आहे. डिलाईल रोड, म्हणजे आजचा ना. म. जोशी मार्ग, नायगांव आणि वरळी येथील बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासाचें भूमिपूजन २०१७ सालीं झालें. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजीं ५०० चौरस फुटांचें घर मिळावयाचें, ही रहिवाशांस मोठीच आनंदाची गोष्ट. परंतु गांवची खोली कोणाची? भाडेपावती एका माणसाच्या नांवावर आणि वही चाळीस माणसांच्या नांवांची. पावतीवरचा मनुष्य केवळ विश्वासानें निवडलेला. तो जाऊन त्याचे वारस आले म्हणजे त्यांच्या हातीं कायदा असतो, आणि मंडळाच्या हातीं जुन्या शाईंतले आंकडे. पूर्वजांना लेखी कराराची गरज वाटली नाहीं, कारण एकमेकांना तोंड दाखवावयाचें होतें तें एकाच पाणवठ्यावर.

म्हणून आज अशा मंडळाच्या जुन्या सभासदाला केवळ वर्गणी देऊन थांबतां येणार नाहीं. त्यानें आपली साक्ष द्यावी, वह्या जपाव्या, मंडळाची रीतसर नोंदणी करवावी आणि पावतीवर नांव असलेल्या कुटुंबाशीं सलोख्यानें बसून लेख करून घ्यावा. भोंगा थांबला तरी गांवाहून माणूस येण्याचें थांबलेलें नाहीं. कोणी नोकरीच्या शोधांत येतो, कोणी आजारी बापाला घेऊन रुग्णालयाच्या दारीं येतो. वळकटी पसरण्यापुरती जागा त्याला आजही हवी असते, आणि ती राखून ठेवण्याचें काम आधीं येऊन गेलेल्यांचें आहे.