पाऊस डोंगरात, पाणी शिवारात

मैत्रिणींनो, आपलं बेलापूर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतं. ढग रतनगड-घाटघरच्या डोंगरातच रिते होतात. आपल्या वाट्याला वर्षाकाठी सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. मृगानं हुलकावणी दिली की रब्बीच्या ज्वारीला हस्ताचीच आस. म्हणून डोंगरातलं पाणी अडवायला प्रवरेवर भंडारदरा धरण बांधलं. ते १९२६ साली पुरं झालं. कालवे आले, ऊस आला. पाऊस मात्र तेवढाच राहिला. १९७२ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या बायांनी खडी फोडली, सुकडीवर दिवस काढले. आजही हंडा भरायची काळजी आपल्यालाच. मग पाण्याचा हिशेबही ग्रामसभेत आपणच मागू या!