विकी आणि वर्ग : पुण्यातला एक प्रयोग

‘विकी’ हा हवाई बेटांच्या भाषेतला शब्द. अर्थ ‘झटपट’. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९९५ साली अनेकांनी मिळून लिहायची, कोणालाही दुरुस्त करता येतील अशी पाने संगणकाच्या जाळ्यावर तयार केली आणि होनोलुलूच्या विमानतळावरील बसचे हे नाव त्यांना दिले. याच तंत्रावर १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजी विकिपीडिया सुरू झाला. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ चा.

शिक्षकाच्या दृष्टीने या पानाचा सर्वांत उपयोगी भाग म्हणजे त्याचा ‘इतिहास’. फळ्यावरचे पुसले की गेले. येथे मात्र प्रत्येक बदलाची नवी आवृत्ती साठवली जाते. कोणी, केव्हा, कोणता शब्द बदलला हे पुढेही पाहता येते.

मग विद्यार्थ्यांनीच असे लेखन का करू नये? २०१० साली अमेरिकेतील काही विद्यापीठांत याची सुरुवात झाली. २०११ मध्ये विकिमीडिया प्रतिष्ठानने पुण्यात तसाच प्रयोग हाती घेतला. अभियांत्रिकी महाविद्यालय, सिम्बायोसिस स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि एसएनडीटी महिला महाविद्यालय यांत विद्यार्थ्यांना इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायला दिले गेले. कपाटात धूळ खाणाऱ्या निबंधाऐवजी जगाने वाचावे असे लेखन, ही कल्पना चांगलीच होती.

पण अनेकांनी पुस्तकांतील आणि संकेतस्थळांवरील उतारे जसेच्या तसे चिकटवले. विकिपीडियावरील मजकूर कोणालाही मुक्तपणे वापरता येतो. म्हणूनच दुसऱ्याच्या मालकीचा मजकूर तेथे चालत नाही. एकेक वाक्य मुळाशी ताडून काढून टाकताना जगभरचे स्वयंसेवक थकले. नोव्हेंबर २०११ मध्ये प्रयोग थांबवावा लागला.

दोष केवळ विद्यार्थ्यांना देऊन चालणार नाही. संख्या मोठी होती आणि मदतनीसांपैकी बरेच स्वतःच नवखे होते. शिवाय पुस्तकातले उत्तर शब्दशः उतरवले की पूर्ण गुण, ही सवय आपणच शाळेत लावतो. महाविद्यालयात पोहोचल्यावर तीच चोरी ठरते, हे मुलांना कोणी आणि केव्हा सांगायचे?

ही तयारी शाळेतच करता येईल. मुळशी तालुक्यातल्या लवासाचे उदाहरण घेऊ. मोसे नदीच्या खोऱ्यात, वरसगाव जलाशयाच्या काठी हे शहर उभे राहू लागले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायला लावले, वर्षभराने पहिल्या टप्प्याला अटींसह मंजुरी दिली. ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. कंपनी, सरकार, आंदोलक आणि गावकरी यांची सांगणी वेगवेगळी आहेत.

चार-पाच मुलांच्या गटाने वर्गापुरत्या सामाईक पानावर याचा इतिहास लिहावा. नियम दोनच : वाक्य स्वतःचे हवे आणि प्रत्येक विधानापुढे त्याचा आधार हवा. वर्तमानपत्राचा आधार असेल तर तारीख द्यावी. दासवे गावातल्या आजोबांनी सांगितले असेल तर तसे लिहावे. आजोबांची हकिकत छापील आधार नसल्याने विकिपीडियावर चालणार नाही, पण वर्गाच्या पानावर तिचे मोल मोठे आहे. हा फरक का केला जातो, यावर एक तास चर्चा होऊ शकते.

गुण देताना आपण शेवटचे पान न पाहता पानाचा इतिहास उघडावा. कोणी कोणाचे वाक्य कोणत्या आधाराने दुरुस्त केले, ते तेथे दिसेल. संगणक नसेल तर हेच काम एका वहीत, वेगवेगळ्या शाईने करता येते.