'लेस्बियाना' : एका वाचकमंडळाच्या ग्रंथसूचीचा इतिहास

कवींद्राचार्य सरस्वतींचा काशी येथील ग्रंथसंग्रह आज एका ठिकाणीं नाहीं; त्यांतील पोथ्या ठिकठिकाणीं विखुरल्या. परंतु त्या संग्रहाची यादी उरली. ती सन १९२१ मध्यें बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत छापली गेली, आणि सतराव्या शतकांतील एका विद्वानाच्या संग्रहीं काय काय होतें तें आम्हांस घरबसल्या कळूं लागलें. ग्रंथ गेला तरी यादी बोलते, हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नाहीं. त्याच आधारानें एका परदेशीय व अर्वाचीन यादीची हकीकत येथें देत आहों. अमेरिकेंतील ज्या स्त्रियांचा अनुराग स्त्रियांवरच होता, त्यांनीं आपण सध्यां काय वाचीत आहों हें एकमेकींस कळविण्याकरितां ती केली. विषय या त्रैमासिकाच्या नेहमींच्या क्षेत्राबाहेरचा आहे, हें आम्ही जाणतों. सूचिकाराच्या दृष्टीनें मात्र तो आपल्या अंगणांतलाच आहे.

सन १९५५ मध्यें सॅन फ्रान्सिस्को येथें डेल मार्टिन, फिलिस लायन प्रभृति स्त्रियांनीं 'डॉटर्स ऑफ बिलिटिस', म्हणजे 'बिलिटिसच्या कन्या', हें मंडळ स्थापिलें. हें नांवच मुळीं एका ग्रंथांतून आलें, आणि तेंहि बनावट ग्रंथांतून. पिएर लुई या फ्रेंच कवीनें १८९४ सालीं 'बिलिटिसचीं गीतें' प्रसिद्ध केलीं. तीं सॅफोच्या काळच्या एका ग्रीक कवयित्रीचीं असून सायप्रस बेटांतील तिच्या थडग्यांत सांपडलीं, असें त्यानें भासविलें. शोध लावणारा एक जर्मन पंडितहि त्यानें कल्पनेनेंच उभा केला. वस्तुतः सर्व रचना त्याचीच. ज्यांनीं कूट ताम्रपट हाताळले आहेत, त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. पण या कूटाचा येथें चांगला उपयोग झाला. ज्यानें तें पुस्तक वाचलें असेल त्यासच मंडळाच्या नांवाचा अर्थ उमगावा, इतरांस तें बायकांच्या एखाद्या सभ्य मंडळाचें नांव वाटावें, अशी ही योजना होती.

इतकी गुप्तता कां, हें थोडक्यांत सांगतों. १९५३ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आज्ञेनें अशा व्यक्तींस सरकारी नोकरीची दारें बंद झालीं होतीं. टपालाचा १८७३ चा कायदा अश्लीलतेच्या नांवाखालीं वाटेल तें पुडकें अडवूं शके. 'वन' नांवाच्या मासिकाचा ऑक्टोबर १९५४ चा अंक लॉस एंजलिसच्या पोस्टमास्तरानें अडविला, तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जानेवारी १९५८ मध्यें मासिकाच्या बाजूनें सुटला. कथाकादंबऱ्यांवरहि या टपालखात्याची छाया होती. मॅरिजेन मीकर यांची 'स्प्रिंग फायर' १९५२ मध्यें निघाली, तेव्हां शेवट दुःखद केलाच पाहिजे, नाहींतर टपालांत पुस्तक अडेल, असें प्रकाशकानें त्यांस बजाविलें होतें. त्याच वर्षीं पॅट्रिशिया हायस्मिथ यांनीं क्लेअर मॉर्गन या नांवानें 'द प्राइस ऑफ सॉल्ट' लिहिली. तिचा शेवट तसा नव्हता, म्हणून कृतज्ञतेचीं पत्रें प्रकाशकाच्या पत्त्यावर क्लेअर मॉर्गनला येत राहिलीं. आपलें खरें नांव लेखिकेनें त्या पुस्तकावर १९९० पर्यंत घातलें नाहीं. अशा स्थितींत कोणतें पुस्तक वाचण्याजोगें, हें दुकानदारास किंवा ग्रंथपालास विचारण्याची सोय कोठून असणार?

मंडळाचें मासिक 'द लॅडर' ऑक्टोबर १९५६ मध्यें निघालें. पहिला अंक चक्रमुद्रित, प्रती सुमारें १७५. दुसऱ्याच अंकांत वर्गणीदारांस अभय देणारा लेख आहे: ग्राहकांचीं नांवें सरकारास देण्यास प्रकाशक बांधलेला नाहीं, या अर्थाचा १९५३ चा न्यायनिर्णय त्यांत दाखविला आहे. गंमत अशी कीं, हें अभय देणारी संपादिका 'ॲन फर्ग्युसन' हेंच टोपणनांव होतें. १९५७ च्या आरंभीं ही बाई वारली असें मासिकानें जाहीर केलें, आणि फिलिस लायन आपल्या नांवानें पुढें आल्या.

याच मासिकांत 'लेस्बियाना' हें सदर सुरू झालें. कॅन्सस सिटी येथें राहणाऱ्या बार्बरा ग्रियर या तरुणीनें तें 'जीन डेमन' या नांवानें वर्षानुवर्षें चालविलें. एकेका पुस्तकावर थोड्या ओळी: कथा काय, कितपत खरी, पैसे टाकावे कीं नाहीं. वाचणारीनें दुसऱ्या वाचणारीस सांगावें, असाच त्याचा सूर आहे. मॅरियन झिमर ब्रॅडली यांच्या सहकार्यानें ग्रियरबाईंनीं १९६० मध्यें एक स्वतंत्र यादी काढली. आणि १९६७ मध्यें 'द लेस्बियन इन लिटरेचर' ही सूची मंडळातर्फेंच प्रसिद्ध झाली.

या सूचींतील चिन्हपद्धति आमच्या वाचकांनीं मुद्दाम पाहावी. विषय ग्रंथांत प्रधान असेल तर 'ए', गौण असेल तर 'बी', नुसता सूचित अथवा दडपलेला असेल तर 'सी'. निवळ कचऱ्यास 'टी'. गुणाप्रमाणें वर तारका, जास्तींत जास्त तीन. आम्हीं हस्तलिखितांच्या सूचींत 'अपूर्ण', 'जीर्ण', 'अशुद्ध' असे शेरे मारतों, ते पोथीच्या देहाविषयीं असतात. या बायकांचा शेरा निराळ्या गोष्टीविषयीं आहे. या पुस्तकांत वाचणारीस आपल्यासारखें माणूस कितपत भेटेल, हें तो सांगतो. असें परिमाण लावलेली दुसरी सूचि आमच्या पाहण्यांत नाहीं. कचराहि नोंदून ठेविला, टाकला नाहीं, हा तर तिचा विशेष गुण समजावा.

या कामास पांडित्याचा पाया होता, तो जेनेट हॉवर्ड फॉस्टर यांचा. महाविद्यालयांत विद्यार्थिनींच्या पंचायतीवर असतांना दोन मुलींच्या वर्तनाचा एक वाद त्यांच्यापुढें आला. इतर सभासद काय बोलत आहेत हेंच त्यांस उमगेना, म्हणून त्या ग्रंथालयांत शिरल्या. तो शोध दशकानुदशकें चालला. ग्रंथालयशास्त्रांत शिकागोची डॉक्टरेट मिळविलेल्या या बाई किन्से यांच्या संस्थेच्या पहिल्या ग्रंथपाल होत्या. सॅफोपासून विसाव्या शतकापर्यंतच्या वाङ्मयाचा धांडोळा घेणारा त्यांचा ग्रंथ १९५६ मध्यें निघाला, तो स्वखर्चानें. आणि त्यावर टोपणनांव न घालतां त्यांनीं आपलें खरें नांव घातलें! पुढें ग्रियरबाईंची व त्यांची मैत्री जडली. गुरूंकडून शिष्येकडे विद्या जावी तशी ही यादी पुढें गेली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां नांवांचा प्रश्न. जीन डेमन, लेनॉक्स स्ट्राँग, व्हर्न निव्हेन हीं तीनहि नांवें एकट्या ग्रियरबाईंचीं. पुष्पिकेवरून कर्ता ठरविणाऱ्या संशोधकाची येथें चांगलीच परीक्षा झाली असती. पण हें कोडें सोडविण्याचा आनंद आणि त्या काळीं तें सुटलें असतें तर एखादीची गेलेली नोकरी, या दोन गोष्टी एका तराजूंत घालतां येत नाहींत. १९७० मध्यें ग्रियरबाई व मंडळाच्या अध्यक्षा रीटा लापोर्ट यांनीं मासिकाची सुमारें ३८०० पत्त्यांची यादी इतरांच्या संमतीवांचून सॅन फ्रान्सिस्कोहून हलविली. मासिक त्यामुळें १९७२ पर्यंत चाललें. पण ज्यांनीं विश्वासानें आपले पत्ते दिले होते त्यांस कोणी विचारलें नाहीं. ग्रियरबाईंच्या सूचीविषयीं आम्हांस नितांत आदर आहे. हें कृत्य मात्र आम्हांस गैर वाटतें.

दोषाची गोष्ट निघाली म्हणून आमचाहि एक दोष सांगतों. आम्ही ज्या शाळेंत नोकरीस होतों तेथील ग्रंथसंग्रह आमच्याकडे होता. निवृत्त होतांना जुनीं पुस्तकें जपून मोजून दिलीं, आणि देवघेवीच्या वह्या भरल्या म्हणून रद्दींत घातल्या. कोणत्या मुलानें कोणतें पुस्तक तीनतीनदां नेलें, तें त्या वह्यांतच होतें. त्यांतील एखाद्या मुलास काय हवें होतें आणि तें मागण्याचें धैर्य कां झालें नाहीं, हें आतां कशावरून कळणार?

'द लॅडर'चे अंक १९७५ मध्यें पुनर्मुद्रित झाले. ग्रियरबाईंचीं परीक्षणें १९७६ मध्यें पुस्तकरूपानें निघालीं. त्यांचा व डॉना मॅकब्राइड यांचा ग्रंथसंग्रह १९९२ मध्यें सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयास मिळाला. म्हणजे तिकडील साधनें शाबूत आहेत. इकडे मुंबईंत अशोक राव कवि यांनीं १९९० मध्यें 'बॉम्बे दोस्त' काढलें. तेव्हांपासून आपल्या प्रांतांतहि अशा मित्रमंडळांत पुस्तकें हातोहात फिरलीं असतील, नांवें कागदाच्या चिठोऱ्यावर लिहिलीं गेलीं असतील. जुन्या बाजारांत गठ्ठे चाळतांना असे कागद, टांचणें वा वाचनयाद्या कोणास आढळल्यास त्यांनीं त्या फेकूं नयेत. मालक हयात असल्यास त्यांची संमति घ्यावी, न मिळाल्यास नांव झांकून केवळ ग्रंथांचीं नांवें उतरून घ्यावीं, आणि ती नक्कल मंडळाच्या दप्तरीं पाठवावी.