पालघरच्या ताटात सोयाबीन कुठून आलं?

आजचा विषय दिसायला साधा आहे, पण त्यात बडोदा येतं, वर्धा येतं, अमेरिका येते आणि शेवटी जव्हारचे पाडेही येतात. विषय आहे सोयाबीन.

बोईसरच्या बाजारात किराणा दुकानापुढे सोयाबीनच्या वड्यांचं पोतं उघडं ठेवलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. तारापूर एमआयडीसीत कामाला आलेली उत्तर प्रदेश-बिहारची मंडळी तिला 'बडी' म्हणतात. चौघांनी मिळून खोली घेतली की रात्री बटाटा-बडीचा रस्सा ठरलेला. मटण परवडत नाही, फ्रीज नाही, आणि वडी महिनोन्महिने टिकते. पण हेच सोयाबीन पालघरच्या शेतात शोधायला गेलो, तर हाती फारसं लागत नाही. इथे भात पिकतो, वाडा कोलम पिकतो. पावसाळाभर खाचरात पाणी उभं असतं, आणि सोयाबीनच्या मुळांना साचलेलं पाणी सोसत नाही. ते विदर्भ-मराठवाड्याचं पीक. म्हणजे आपल्याकडे सोयाबीन पीक म्हणून आलं नाही. ते थेट अन्न म्हणून आलं, आणि पाड्यांवर तर कुणीतरी दिलेलं अन्न म्हणून. ते कुणाच्या अंगी लागलं आणि कुणाच्या नाही, याचा उलगडा आम्हाला इथेच होतो असं वाटतं.

जुन्या गोष्टीपासून सुरुवात करू. कुमाऊंत काळं सोयाबीन 'भट' म्हणून पिढ्यान्‌पिढ्या खातात, नागालँडमध्ये ते आंबवून अखुनी करतात. आपल्याकडे, पश्चिम भारतात, त्याची चर्चा झाली ती 1930 च्या दशकात, आणि तीही आपल्याच रेल्वेमार्गावर, बडोद्यात. सयाजीराव गायकवाडांच्या संस्थानात अन्न-पाहणीचं स्वतंत्र कार्यालय होतं. तिथले अधिकारी एफ. एस. काळे यांनी 1936 साली सोयाबीनवर जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं, त्यात तीनशेच्या आसपास पाककृती! एका मराठी आडनावाच्या अधिकाऱ्याने सोयाबीनचे तीनशे पदार्थ लिहून ठेवावेत आणि आपल्या घरात आज दोनसुद्धा होऊ नयेत, याची आम्हाला गंमत वाटते. त्याच सुमारास, 1935 मध्ये, गांधीजी वर्ध्याला मगनवाडीत राहत होते. त्यांनी तिथल्या जेवणात सोयाबीन आणून पाहिलं आणि 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिलं.

पण हे प्रयोग पसरले नाहीत. दाणा शिजायला चिवट, वास उग्र, आणि बियाणं कुणाकडे? पीक खऱ्या अर्थाने वाढलं ते 1960 च्या दशकानंतर. पंतनगर आणि जबलपूरच्या कृषी विद्यापीठांनी अमेरिकेच्या इलिनॉय विद्यापीठाबरोबर काम केलं, पिवळ्या दाण्याच्या अमेरिकन जाती इथे लावून पाहिल्या. पुढे ते माळव्यात फोफावलं आणि तिथून आपल्या विदर्भात. मात्र शेतकऱ्याला आणि कारखान्याला ते हवं होतं तेलासाठी. तेल काढून उरलेली पेंड बहुतांशी कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात जाते. त्याच तेल काढलेल्या पिठाला यंत्रात उष्णता आणि दाब दिला की आपली वडी तयार होते. उरलेलं म्हणून नाक मुरडू नका; सोयाबीनच्या दाण्यात प्रथिनं चाळीस टक्क्यांच्या आसपास असतात, तर वडीत निम्मी.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभराहून अधिक बालकं दगावली. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 ला. आणि बघा, अंगणवाडी ही कल्पनाच या भागातली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि मग कोसबाडला ती घडवली: मूल शाळेत येत नाही, तर शाळा त्याच्या अंगणात न्या. 1975 मध्ये एकात्मिक बालविकास योजनेने ते नाव देशभर नेलं. जिथून नाव गेलं, त्याच डोंगरात मुलं उपाशी मेली.

पुढे योजनांतून पाकिटं आली, गव्हाच्या पिठात सोयाबीन आणि साखर मिसळलेली. कागदावर प्रथिनं भरपूर. प्रत्यक्षात आम्ही जव्हारकडच्या एका पाड्यावर गेलो होतो, तिथे एका आजीने सरळ सांगितलं, "पोरां थुंकतात, मग कोंबड्यांना घालतो." प्रथिनं पाकिटात होती, पण मुलाच्या पोटात गेली नाहीत. 2015 मध्ये अमृत आहार योजना आली. त्यात आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीतच एक वेळचं गरम जेवण द्यायचं ठरलं: भाकरी, भात, डाळ, पालेभाजी, अंडं, आणि यादीत सोया दूधही. पैसे उशिरा येतात, शिजवणारीचं मानधन रखडतं, हे सगळं खरं. तरी समोर बसून खाल्लेलं गरम अन्न आणि घरी नेलेलं पाकीट यांची आम्ही बरोबरी करणार नाही.

भाताच्या मुलखात सोयाबीन उपयोगी का, तेही सांगतो. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, सोयाबीनमध्ये ते भरपूर. सोयाबीनमध्ये मेथिओनिन कमी, ते तांदूळ पुरवतो. मात्र आपला वाल, उडीद, तूरही भाताबरोबर असंच काम करतात. आणि किनाऱ्यावरची सुकट तर एकटीच पुरेशी. हृदयाचं म्हणाल, तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1999 मध्ये सोया प्रथिनांच्या पाकिटावर तसा दावा छापायला परवानगी दिली आणि 2017 मध्ये पुरावा एकसारखा नाही म्हणून ती मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. जाहिरातीत यातला पहिलाच भाग येतो.

एक चिठ्ठी आली आहे: "मग खायचं किती?" मोठ्या माणसाला मूठभर, साधारण तीस ग्रॅम कोरडी वडी घेतली तर पंधरा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. उकळून, पाणी पिळून मग रश्श्यात टाका. अख्खा दाणा असेल तर रात्रभर भिजवा आणि पूर्ण शिजवा, कच्चा नको. कच्च्या दाण्यातले काही घटक प्रथिनांचं पचन अडवतात. सोयाबीनमधलं फायटेट लोह शोषू देत नाही, म्हणून अंगात रक्त कमी असलेल्या बाईने वर लिंबू पिळावं. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती आणि सोयाबीन यांत काही तासांचं अंतर ठेवा, आणि डॉक्टरांना विचारा. आणि हो, घरात सुकट असेल तर ती बाजूला सारून वडी आणायला धावू नका.