एका जीपची पाठचिकित्सा

पन्हाळ्याच्या पायथ्याशी, बंद पडलेल्या एका गुऱ्हाळाच्या छपराखाली ही जीप आम्हाला प्रथम दिसली, तेव्हा तिच्या बोनेटवर कोंबड्या बसल्या होत्या आणि मागच्या हौद्यात कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. घरधन्यांनी (सारे गाव त्यांना आण्णा म्हणते) सांगितले, "मिलिटरीची गाडी हाय, दुसऱ्या महायुद्धातली." आपल्याकडे अशा प्रत्येक जुन्या जीपविषयी हेच सांगितले जाते. आम्ही तिघे, त्यांतले दोघे साहित्य शिकवणारे; परंपरेने हाती आलेल्या विधानावर एकदम विश्वास ठेवायचा नाही, एवढे तरी आमच्या विषयाने आम्हाला शिकवले होते.

नोंदणीपुस्तक उघडले तर गोंधळ वाढला. त्यात वाहनाचे नाव 'विलिस जीप', आणि सर्वांत जुनी नोंद १९५२ सालची. पण गाडीचे बोनेट उंच होते, म्हणजे १९५३ साली अवतरलेल्या सीजे-३बी या नमुन्याचे. मुखडा धडापेक्षा तरुण निघाला. इंजिन डिझेलचे, ट्रॅक्टरच्या जातीचे. स्टिअरिंग उजवीकडे, युद्धातल्या जीपा मात्र सगळ्या डाव्या स्टिअरिंगच्या होत्या. एवढ्यावरच निकाल द्यायचा तर आण्णांचे म्हणणे खोटे ठरत होते. त्याच्या विरुद्ध साक्ष एकच होती. समोरच्या जाळीला नऊ उभ्या फटी होत्या, आणि युद्धानंतरच्या नागरी जीपला त्या सात असतात.

पोथी बोलेनाशी झाली की तिचा कागद पाहावा लागतो. आम्ही गाडीखाली शिरलो. पन्नास वर्षांची माती, ग्रीस आणि शेण रॉकेलने धुऊन काढायला दोन रविवार गेले. चासीचा सर्वांत पुढचा आडवा दांडा विलिसच्या गाडीत गोल नळीचा असतो. इथला होता चौकोनी घडणीचा, उलट्या 'यू'सारखा. मग मिस्त्रींनी एक गंजलेला बोल्ट पुसून आमच्या हातात दिला. त्याच्या माथ्यावर इंग्रजी 'एफ' हे अक्षर ठसठशीत उमटलेले होते. डाव्या बाजूच्या चासीच्या वरच्या कडेवर 'जीपीडब्ल्यू' ही अक्षरे आणि त्यापुढे काही आकडे सापडले. शेवटचे गंजाने खाल्लेले. आण्णा खरे ठरले आणि सरकारी पुस्तक खोटे. ही गाडी विलिसची नव्हे, फोर्डची होती.

इथे थोडे मागे जाणे भाग आहे. जुलै १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने १३५ कारखान्यांना विचारणा केली. चारही चाकांना जोर असलेली, हलकी, टेहळणीची गाडी हवी होती आणि पहिला नमुना ४९ दिवसांत हवा होता. वजनाची पहिली अट १३०० पौंडांची होती, म्हणजे जवळजवळ अशक्य. पुढे ती बरीच सैल करावी लागली. पेनसिल्व्हेनियातल्या बँटम या डबघाईला आलेल्या छोट्या कारखान्याने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याला बोलावले. त्याने दोन दिवसांत आराखडे उभे केले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी नमुना लष्कराच्या दारात हजर झाला. पुढे जे घडले ते साहित्याच्या इतिहासातही अपरिचित नाही. लष्कराने बँटमचे आराखडे विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड यांच्या हाती ठेवले. बँटम लहान, तिला हजारोंनी गाड्या घडवता येणार नाहीत, असा हिशेब होता. विलिसकडे डेल्मर रूस यांनी सुधारलेले साठ अश्वशक्तीचे इंजिन होते. जुलै १९४१ मध्ये मोठे कंत्राट विलिसला मिळाले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात फोर्डला जोडीला घेण्यात आले. फोर्डच्या 'जीपीडब्ल्यू'मध्ये 'जी' म्हणजे सरकारी काम, 'पी' म्हणजे चाकांच्या आसांमधले ऐंशी इंचांचे अंतर आणि 'डब्ल्यू' म्हणजे विलिसचा आराखडा. ('जनरल पर्पज'पासून 'जीप' झाले, ही सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतली व्युत्पत्ती संशयास्पदच आहे. १९३६ साली पॉपायच्या चित्रमालिकेत 'जीप' नावाचा एक अद्भुत प्राणी आलेला होता, हे त्या पुस्तकांना ठाऊक नसते.)

मग या कृतीचा कर्ता कोण? कल्पना बँटमची, हृदय विलिसचे, आणि चेहरा? विलिसच्या पहिल्या गाड्यांची जाळी लोखंडी पट्ट्या डाखून केलेली होती. पत्र्याच्या एकाच तुकड्यातून ठोकून काढलेली नऊ फटींची स्वस्त जाळी ही फोर्डची युक्ती. विलिसनेही ती उचलली. युद्धभर या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा घडवल्या. बँटमच्या वाट्याला अडीच हजारांच्या आसपास. आपल्या नोंदणी कचेरीने फोर्डच्या गाडीला 'विलिस' म्हटले त्याचे कारणही हेच असावे, की तोवर नाव आणि वस्तू यांची फारकत होऊन गेली होती.

भारतात या गाड्या प्रामुख्याने ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी उतरल्या. आसामातल्या लेडोहून चीनकडे जाणारा रस्ता जानेवारी १९४५ मध्ये खुला झाला. त्या चिखलात पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा किती मोलाचा होता हे सांगायला नको. युद्ध संपल्यावर एवढे लोखंड परत नेणे कुणालाच परवडणारे नव्हते. 'डिस्पोजलचा माल' हा शब्द मराठीत रुळला तो याच काळात. दरम्यान २ ऑक्टोबर १९४५ रोजी स्थापन झालेल्या महिंद्र अँड महंमद या कंपनीने सुटे भाग आणून मुंबईत माझगावला विलिस जीपांची जोडणी सुरू केली. भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीच्या नावातला महंमद जाऊन दुसरा महिंद्र आला. स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला गैरव्यवहाराचा आरोपही जीपांच्याच खरेदीचा, १९४८ चा. हे सारे नोंदवून पुढे जाऊ, कारण आमची गाडी या राजपथावरून आलेलीच नाही. आण्णांच्या आजोबांनी ती कुठल्याशा लिलावात घेतली, एवढेच घरात सांगतात.

रंग खरवडताना खरा इतिहास दिसू लागला. सर्वांत वर आकाशी, हाताने फासलेला. त्याखाली पांढरा, मग करडा, मग दोन थर खाकी आणि अगदी तळाशी, डॅशबोर्डच्या मागे, तो मळकट ऑलिव्ह हिरवा. प्रत्येक थराला कारण होते. १९७३ नंतर पेट्रोल परवडेना तेव्हा मूळ इंजिन गेले आणि डिझेल आले. उंच इंजिनासाठी उंच बोनेट आले. पुढे ही गाडी वडाप म्हणून धावली. मागे दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या बसल्या, आठदहा माणसे कोंबता यावीत म्हणून. हौद्याच्या बाजूवर कुणा पेंटरने सुबक वळणाच्या अक्षरांत 'पन्हाळा–कोल्हापूर' लिहिले होते, त्या अक्षरांना लाल छाया होती.

आमचा वाद इथेच सुरू झाला. आमच्यापैकी एकाचा आग्रह असा, की गाडी १९४० च्या दशकातल्या स्थितीत न्यायची. नंतरचे सारे प्रक्षिप्त. दुसऱ्याने पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताचा दाखला दिला. विष्णु सीताराम सुखठणकरांनी व्यासांची मूळ संहिता सापडल्याचा दावा कधी केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जाता येईल तितक्या मागच्या रूपापर्यंतच ते गेले. आणि जे श्लोक संहितेतून काढले ते फेकले नाहीत, तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवले. युक्तिवाद बिनतोड होता, अडचण इतकीच की गाडीला तळटीप नसते. एका जागी एकच बोनेट बसते.

निर्णय होण्याआधीच एक चूक घडली आणि ती सर्वस्वी आमची. उद्यमनगरात वाळूच्या माऱ्याने पत्रा साफ करून मिळतो. चासी पाठवायची होती, आम्ही हौदाही पाठवला. दुपारी परत आला तो चांदीसारखा लखलखीत. गंज गेला, सहाही थर गेले आणि 'पन्हाळा–कोल्हापूर' गेले. जुन्या पोथीत चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ फासत, पण त्याखालचे अक्षर पुष्कळदा उजेडात धरून वाचता येई. वाळू तेवढीही सवलत देत नाही. त्या अक्षरांचे आमच्याकडे एकच छायाचित्र आहे आणि त्यात अर्ध्या जागी कोंबडी आहे.

त्यानंतर आम्ही सावध झालो. २१९९ सीसीचे, साइड-व्हॉल्व्हचे जुने पेट्रोल इंजिन एका ठिकाणी मिळाले. विकणाऱ्याने ब्लॉकची भेग लांबी भरून झाकली होती, ती उकळत्या पाण्याने दाखवून दिली. दुसरे मिळेपर्यंत आठ महिने गेले. तेही विलिसचे. फोर्डने चासी आणि इंजिन यांचा क्रमांक एकच ठेवला होता, त्यामुळे आमची प्रत संमिश्र आहे हे कुणाही जाणत्याला कळेल, आणि आम्ही ते लपवलेले नाही. बोअर, पिस्टन, रिंगा नव्या. सपाट बोनेट घातले, पण स्टिअरिंग उजवीकडेच ठेवले. चासीला ते बसवण्यासाठी साठ वर्षांपूर्वी कुणीतरी हाताने ठोकलेली कमान इतकी नेमकी होती की मिस्त्रींनी तिला हात लावायला नकार दिला. रंग ऑलिव्हच दिला. फक्त डॅशबोर्डच्या मागे तळहाताएवढी जागा सहाही थरांसकट तशीच ठेवली आहे. तळटीप म्हणायची तर तेवढीच.

गाडी पहिल्यांदा अंगणात नेली तेव्हा आण्णांच्या आई, अक्का, काठी टेकत बाहेर आल्या. गाडीभोवती एक फेरी घालून त्या मागे थांबल्या. "बरी केलीसा," त्या म्हणाल्या, "पण माझी फळी कुटं हाय?"

आम्ही सांगितले, युद्धातल्या जीपला मागे आडवी एकच बैठक असते. त्यांनी ते ऐकून घेतले. मग म्हणाल्या, आण्णाच्या वेळेला रात्री कळा सुरू झाल्या, ओढ्याला पाणी होते, बैलगाडी जाईना. मामंजींनी पुढची चाके जोडली आणि गाडी पाण्यात घातली. डावीकडच्या फळीवर त्यांना आडवे केले होते, सासूबाईंनी डोके मांडीवर घेतले होते. म्हणजे वडाप नंतरची, फळी त्याच्या कितीतरी आधीची. आम्ही थरांचा लावलेला क्रमही चुकला होता.

फळी गुऱ्हाळात भिंतीला टेकून होती. आण्णांनी ती टाकू दिली नव्हती. सागाची, मध्ये झिजून खोलगट झालेली. त्याच संध्याकाळी ती डावीकडे पुन्हा बसवली. 'एफ'चे बोल्ट शिल्लक नव्हते, म्हणून उद्यमनगरातून आणलेले साधे चार लावले.