सुमोचा टॉर्शन बार आणि मीरा रोडची कललेली गाडी

तर झालं असं. मीरा रोडला राहणाऱ्या माझ्या एका मित्राने हौसेने गाडीला कॉइलओव्हर बसवून घेतले. म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरच्या अंगावरच आटे असतात, त्यावरची रिंग फिरवली की गाडीची उंची कमी-जास्त होते. (मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हा वेगळा विषय. तो मी त्याला वेगळा ऐकवला.) एवढा खर्च करून गाडी पुढून डावीकडे ९ मिमी खाली! पठ्ठ्याने चार वेळा डावी रिंग वर चढवली. पुढचं जुळलं, पण मागे उजवीकडे गाडी दबली. मग एका पावसाळी संध्याकाळी घोडबंदर रोडवर, काजूपाड्याच्या उतारावर ब्रेक मारला आणि गाडी एका बाजूला ओढली गेली. तेव्हा कुठे साहेब घाबरले आणि मला फोन. मी कोड लिहितो, गाड्या नाही, पण मित्रांना हा फरक कळत नाही :)

काशीमिऱ्याच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककाकांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "हे तर सुमोचंच दुखणं." त्या एका वाक्यापायी माझा अख्खा रविवार वाचनात गेला.

आपल्याला वाटतं उंची बदलता येणारं सस्पेन्शन ही काल-परवाची चैन आहे. खरं तर ते आपल्या बुडाखाली केव्हापासून होतं. १९३१ मध्ये फर्डिनांड पोर्शे यांच्या स्टुटगार्टच्या कचेरीने टॉर्शन बारच्या पेटंटसाठी अर्ज केला. कल्पना साधी आहे. स्प्रिंगची वेटोळी सरळ करून नुसता पोलादी दांडा ठेवला, तरी तो पिळला की उसळून परत येतोच. दांड्याचं एक टोक चाकाच्या आर्मला, दुसरं चॅसीला. १९३४ ची सिट्रोएन ट्रॅक्शन अवाँ, मग बीटल, १९४८ ची मॉरिस मायनर, सगळ्यांत हाच दांडा. मॉरिस ऑक्सफर्डवरून बेतलेल्या ॲम्बेसेडरबरोबर तो आपल्याकडेही फिरू लागला. मुंबईत मात्र राज्य कुर्ल्याच्या पद्मिनीचं. तिला पुढे वेटोळ्या स्प्रिंगा, मागे पाटे. बसली की पाटा वाढवा, विषय संपला.

महाराष्ट्रात टॉर्शन बार घरोघरी नेला तो पुण्याने. टाटामोबाइल (१९८८), सिएरा (१९९१), आणि १९९४ मध्ये सुमंत मुळगावकरांच्या नावावरून आलेली सुमो. पुढे १९९८ ची सफारी, आणि नाशिकची २००२ ची स्कॉर्पिओ. यांच्या दांड्याच्या मागच्या टोकाला एक बोल्ट असायचा. तो आवळला की त्या बाजूचं नाक वर. पाना आणि पाच मिनिटं. अशी सोय हाताशी असल्यावर कोण कशाला विचार करतोय? गाडी कलली, बोल्ट आवळला. स्प्रिंग त्याने कडक होत नाही, फक्त पीळ सुरू होण्याची जागा बदलते, हे कितीही सांगा.

काकांची हयात या बोल्टात गेली. त्यांनी सांगितलेली पहिली गोष्ट म्हणजे तिवई कधी डुगडुगत नाही, डुगडुगतो तो चौरंग. चार पायांपैकी एक उंच केला की वजन त्या पायावर आणि तिरक्या समोरच्या पायावर चढतं, उरलेले दोन हलके होतात. मित्राची गाडी ब्रेकला ओढत होती ती यामुळेच. हलक्या चाकाची पकड कमी. दुसरी गोष्ट डाव्या-उजव्या दांड्यांची. ते दिसायला सारखे, पण प्रत्येकाला कारखान्यातच एका दिशेचा पीळ दिलेला असतो. अदलाबदल झाली की दांडा हळूहळू बसतो आणि बोल्ट आवळून आवळून संपतो.

आणि तिसरी गोष्ट रबरी बुशांची, इथेच आमचा बग होता.

आधी काकांनी गाडी फिरवून, तोंड उलटं करून परत मोजायला लावली. सोसायटीच्या पार्किंगला गटाराकडे उतार असतो, कलती बाजू बदलली तर दोष फरशीचा. ती बदलली नाही. मोजायचं तेही जमिनीपासून नाही, चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत, म्हणजे टायरची हवा मध्ये येत नाही. मग त्यांनी गाडीखाली डोकं घातलं आणि विचारलं, "उजवीकडचा आर्म जॅकवर असताना आवळला ना?"

तसंच झालं होतं. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला की बुशचं रबर त्याच स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली उतरवल्यावर ते पिळतं आणि आर्मला खाली ढकलत राहतं, म्हणजे गाडीला वर. डावा कोपरा खाली नव्हताच. उजवा वर होता! आम्ही चार वेळा निरोगी बाजूवर उपचार केले.

चारही रिंगा आट्यांवर मोजून मूळ जागी आणल्या. सगळे आर्म सैल केले, गाडी चाकांवर उभी केली, दोन-चारदा दाबून हलवली आणि मग बोल्ट आवळले. अलाइनमेंट पुन्हा करून घेतली. तरी डावीकडे २ मिमी कमी. मित्राचा हात परत रिंगेकडे गेला.

"राहू दे," काका म्हणाले. "उजवीकडे तू बसणार आहेस ना?"